रुमालाखाली दिलेली शेळी

नांदेडच्या तान्ह्यांच्या घरातल्या डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं. माझ्या कळपातली सगळ्यांत चांगली दुभती शेळी त्यांनी माझ्याकडून नेली आणि आजतागायत परत केली नाही. ही गोष्ट मी नांदेडात सांगितली, लातुरात सांगितली, आणि दोन्हीकडे लोक ऐकून हसले. त्यात हसण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. म्हणून आता लिहून ठेवते. वाचणाऱ्याला हसायचं असेल तर त्याने आधी सगळं वाचावं.

निजामाची मोगलाई संपायच्या आधीची ती वर्षं. माझा नवरा पटकीत गेला, तेव्हा सासरच्यांनी जमिनीच्या वाट्याऐवजी एका लंगड्या शेळीचं दावं माझ्या हातात दिलं, आणि वर उपकार केल्यासारखं तोंड केलं. माहेर जळकोटकडचं, तिकडे परत जाणं मला जमण्यासारखं नव्हतं. नांदेडपासून अर्ध्या दिवसाच्या चालीवर सासरचं गाव, तिथेच एक झोपडी बांधली आणि राहिले. त्या लंगडीची करडं, करडांची करडं असं करत कळप उभा केला. नांदेडचा बाजार केला, हदगावचा केला, माळेगावच्या जत्रेतही शेळ्या नेल्या. माझी जीभ सगळ्या बाजारांना माहीत होती. हदगावात एका दलालाने माझ्या तरण्या शेळीला म्हातारी म्हटलं, तेव्हा शेळीचे दात दाखवून झाल्यावर मी त्याचाही जबडा उघडायला निघाले होते. लोकांनी मधे पडून त्याला सोडवलं.

पण एका बाबतीत मला कोणी उभं करत नसे. जनावरांच्या बाजारात खरा सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगतात. भोवती दहा माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. पटलं नाही तर हात सोडवून घ्यायचा. पटलं तर मूठ मिटायची. मूठ मिटली की सौदा झाला, मग आभाळ कोसळलं तरी तो फिरत नाही. ही सगळी भाषा मला नवऱ्याने शिकवली होती. त्याचा रुमाल मी खांद्यावर टाकून बाजारात बसत असे. पण बाईच्या हाताखाली हात कोण घालणार? माझा सौदा चारचौघांत ओरडूनच व्हायचा, आणि ओरडून केलेल्या सौद्यात विकणाऱ्याला नेहमी खोट बसते. माझा राग निम्मा तरी त्याचा होता.

एका बाजारी देगलूरकडची एक ठेंगणी बाई माझ्या शेळ्यांपुढे येऊन उभी राहिली. तिला सगळे अक्का म्हणत. निम्मी तेलगू, निम्मी मराठी बोलायची. शेळ्यांकडे न बघता ती थेट सडांकडे बघत होती. म्हणाली, आमच्या डॉक्टरीणबाईंना दुभती शेळी पाहिजे, पण त्यांना घर सोडून येता येत नाही, तुम्हीच चला. गिऱ्हाइकाच्या दारी जाणं माझ्या नियमात बसत नव्हतं. पण त्या दिवशी बाजार थंड होता. कळप शेजारणीवर सोपवला, सगळ्यांत चांगली शेळी घेतली आणि गेले. काळीभोर, लांब कानांची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. तिची करडं नुकतीच दुधावरून तुटली होती आणि दूध असं होतं की दावणीत उभी राहिली तरी शेजारची म्हैस लाजावी.

नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत ते घर होतं. पुढे पडवी, मागे अंगण. पडवीत भिंतीला लागून भाकरीच्या टोपल्या ओळीने मांडलेल्या. मला वाटलं कोणाच्या तरी घरचं कार्य आहे. वाकून बघितलं तर प्रत्येक टोपलीत कापूस, आणि कापसात एकेक पोर. कोणाची आई बाळंतपणात गेलेली, कोणाचं सगळं घर गाठीच्या तापात गेलेलं. काहींना देवळाच्या पायरीवरून उचलून आणलेलं. धडधाकट एकही नव्हतं. एक सारखं कण्हत होतं, एकाच्या अंगावर फोड होते, एकाला हगवण लागलेली. टोपल्यांच्या मधे निखाऱ्यांच्या शेगड्या, आणि फडक्यात गुंडाळलेल्या गरम विटा पोरांच्या पायांशी ठेवलेल्या. उकळलेल्या दुधाचा आणि फिनेलचा वास भरून राहिला होता.

डॉक्टरीणबाई मोगलाईबाहेरच्या. पुण्याकडचं बोलणं, काळ्या काठाची पांढरी साडी, आणि बाह्या नेहमी कोपरापर्यंत वर. मला बसा म्हणाल्या, आणि स्वतः मात्र बसल्या नाहीत. पडवीच्या टोकाला एक टोपली होती, तिच्याकडे घेऊन गेल्या. आत एक मुलगी. पोर कसली, खारीचं पिल्लू म्हणा. दिवस भरायच्या आधीच जन्मलेली. तिची आई बैलगाडीतून दवाखान्याकडे येताना वाटेतच गेली, आणि गाडीवानाने पोर धोतरात गुंडाळून इथे आणून दिलं होतं. गाईचं दूध दिलं तर ओकते, म्हशीचं दिलं तर ओकते. अंगावर पाजणारी एक बाई मिळाली होती, तीही आठवड्यात निघून गेली. आता शेळीचं दूध देऊन बघायचं, तेवढंच उरलं होतं.

मी पोरीकडे बघितलं, मग बाईंकडे बघितलं. घेणाऱ्याची गरज डोळ्यांत दिसली की भाव वाढतो, हे मला कोणी शिकवायला नको होतं. मी भाव सांगितला. एव्हाना गल्लीतली पाच-सहा रिकामी माणसं दारात जमली होती. तिथे ठरलेला भाव संध्याकाळपर्यंत बाजारात पोचला असता. मी बाईंना म्हटलं, असं चारचौघांत न्हाई बोलता येत. आणि केवळ सवयीने खांद्यावरचा रुमाल काढला.

"हे कशाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बोटं कशी धरायची, मूठ म्हणजे काय, हात सोडवला म्हणजे काय. बाईंनी ऐकून घेतलं, पदराला हात पुसला, आणि सरळ रुमालाखाली घातला.

इतक्या वर्षांत माझ्या रुमालाखाली कोणी हात घातला नव्हता. बाईंचा हात सारखा धुऊन धुऊन चिरमटलेला, गार पडलेला. मला क्षणभर पहिलं बोट कोणतं तेच आठवेना. मग त्यांनी माझी बोटं दाबली, आणि मी सांगितला होता त्याहून जास्त भाव दिला. मला इतका राग आला की सांगता सोय नाही. घेणारा चढा भाव देऊ लागला तर सौद्यात राहिलं काय? मी त्यांची बोटं नीट धरून दाखवली. असं न्हाई बाई, आधी कमी बोला, मग मी चिडते, मग तुम्ही थोडं वाढवा. बाई म्हणाल्या, बरं. आणि इतकं कमी बोलल्या की मी खरंच चिडले.

असं बराच वेळ चाललं. दारातल्या माणसांच्या माना लांबल्या, पण कोणाला काही कळलं नाही. मला मजा येत होती, हे मी तेव्हा कबूल केलं नसतं. शेवटी बाईंनी हात रुमालाखालीच ठेवला आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या,

"विकत घ्यायला माझ्याजवळ काही नाही. शेळी उसनी द्या. ही मुलगी जगेल तोवर माझ्याकडे राहील, पुढे तुमची तुम्ही न्या."

"किती दिवस जगंल?"

"पुढचा बाजार पाहील असं वाटत नाही."

मी पुन्हा टोपलीत बघितलं. अशक्त करडं मी पुष्कळ बघितली होती. कोणतं उभं राहणार आणि कोणतं नाही, हे माझ्या नजरेला कळायचं. ही पोर उभी राहण्यातली नव्हती. म्हणजे एका आठवड्याचं दूध जाणार, शेळी घरी येणार, आणि पुढच्या सौद्यांसाठी या टोपल्यांच्या घरात माझा पाय कायमचा शिरणार. शिवाय माझ्या रुमालाखाली हात घालणारी ती एकटीच होती. मी मूठ मिटली.

पुढच्या बाजारी शेळी न्यायला दावं घेऊन गेले. पोर जिवंत होती.

बाई शेगडीपाशी बसून दूध उकळत होत्या. उकळून झालं, आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्यात भांडंभर पाणी ओतलं. मी आयुष्यात दुधात पाणी घातलं नव्हतं. घालणाऱ्यांची भर बाजारात लाज काढली होती. आणि इथे माझ्याच शेळीच्या दुधाची ही गत. मी दारातूनच ओरडले, बाई, हे काय करून राहिलात, लोक म्हणतील शेळीवालीचं दूध पातळ हाय. कण्हणारं पोरसुद्धा गप्प झालं.

"मला नका सांगू," बाई शांतपणे म्हणाल्या. "तिच्या पोटाला सांगा."

मग अक्काने ते पातळ दूध कापसाच्या बोळ्याने पोरीच्या ओठांवर पिळायला घेतलं. थेंब पिळायचा, गिळायची वाट बघायची, पुन्हा पिळायचा. मी दावं मांडीवर घेऊन बघत बसले. दूध पोटात राहिलं.

ते सगळं ठीक, पण शेळी बघितली आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. अंगणात बांधलेली, पुढे वाळका कडबा. कडबा शेळीने खावा? तिची कुशी खपाटीला गेली होती. मी अक्काला बरंच सुनावलं. अक्का म्हणाली, अय्यो, आम्हाला पोरांचं कळतंय, शेळीचं न्हाई कळत. सौदा जगेपर्यंतचा होता, शेळी मारण्याचा नव्हता. माझा माल खराब झालेला मला चालणार नव्हता. त्यापुढच्या बाजारी मी दाव्याबरोबर बाभळीच्या शेंगांचं गाठोडं आणि बोरीचा पाला आणला. आणि असं दर बाजारी सुरू झालं. दावं घेऊन जायचं, शेळीला शेंगा टाकायच्या, पोर जिवंत आहे असं बघायचं, आणि रिकामं दावं घेऊन परत यायचं. नाक्यावरचा शिपाई विचारायचा, काय शेळीवाली, आज बी न्हाई का? मी त्याला उत्तर देत नसे.

मधल्या आठवड्यात काही टोपल्या रिकाम्या झालेल्या असायच्या. मी विचारत नसे आणि अक्का सांगत नसे. नवी पोरं यायची, नवा कापूस भरला जायचा. पण टोकाची टोपली भरलेलीच होती. पोर टोपलीत थोडी थोडी पसरत चालली होती. एकदा अक्काचे हात भरले होते म्हणून तिने ती माझ्या मांडीवर ठेवली, आणि नंतर दर वेळी तिचे हात भरलेलेच असायचे. बोळ्याने दूध पाजायला मी शिकले. मी काही स्वतः बोळ्याने दूध पीत नव्हते, हे लोक मला कसे गुंतवत होते ते मला दिसत होतं. पण शेळी माझी, दूध माझं. ते सांडतं की पोटात जातं, हे बघायला मालकाने जवळ असलेलं बरं.

मग एका बाजारी, ऊन चांगलं वर आलं असताना मी पोचले, तर बाई दारातच उभ्या होत्या. बाह्या खाली उतरवलेल्या. त्या मी पहिल्यांदाच तशा बघितल्या. पोरीला हगवण लागली होती. डोळे आत गेलेले, टाळू खाली बसलेली, रडायला आवाज उरला नव्हता. बाईंनी स्वतः शेळी सोडली आणि दावं माझ्या हातात दिलं.

"न्या तुमची शेळी. सौदा आज संपतोय."

मग जो संताप आला तो अख्ख्या गल्लीने ऐकला असेल. मी म्हटलं, "सौदा जगंपतूर हाय. पोर जित्ती हाय का न्हाई? हाय. मग शेळी हलत न्हाई. रुमालाखालचं बोलणं तुम्ही मोडायचं न्हाई अन् मी बी मोडायचं न्हाई." शेळी परत खुंटाला बांधली आणि पडवीत जाऊन बसले. काय करायचं ते सांगा, मी हलणार न्हाई म्हटलं.

बाईंनी पुन्हा बाह्या वर केल्या. दूध बंद केलं. भाताच्या पेजेची निवळ, त्यात चिमूटभर मीठ, तीही थेंबाथेंबाने, न थांबता. ओकली तर थोडं थांबून पुन्हा. कापसाच्या बोळ्याचे तंतू तिच्या तोंडात राहत होते. बाईंनी इकडेतिकडे बघितलं, माझ्या खांद्यावरचा रुमाल ओढला, उकळत्या पाण्यात टाकला, आणि पिळून त्याचं टोक माझ्या हातात दिलं. नवऱ्याचा रुमाल, सगळे बाजार बघितलेला. त्याच्या टोकाने मी त्या पोरीच्या तोंडात निवळ पिळत राहिले. माझी गिऱ्हाइकं बाजारात वाट बघून गेली. शेजारणीने कळप परत गावाकडे नेला.

उन्हं कलल्यावर पोरीचा हात रुमालाखाली चाचपडला आणि माझ्या बोटावर पडला. धरलं नाही, नुसता ठेवला. मी सवयीने म्हटलं, "एवढ्यात न्हाई परवडत, वाढव." अक्का हसली. मी निवळ देत राहिले आणि मधून मधून तिला डिवचत राहिले. आसं कुठं असतंय का, माझी शेळी अशी फुकट जाती व्हय, नीट बोल. बाई दुसऱ्या टोपलीपाशी बसून ऐकत होत्या. अंगणातून ऊन निघून गेलं, तेव्हा रुमालाखाली त्या पोरीने माझं बोट धरलं आणि मूठ मिटली. चांगली घट्ट. मी हात ओढून बघितला, सुटेना.

"बाई," मी म्हटलं, "पोरीनं सौदा केला."

बाई उठून आल्या, पोरीची टाळू बघितली, जीभ बघितली, आणि पाठ फिरवून अंगणात शेळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ आल्या नाहीत.

इथपर्यंत तक्रार करण्यासारखं काही नाही, असं कोणी म्हणेल. आता पुढचं ऐका.

पोर बसू लागली, दात आला, तेव्हा बाईंनी तिचं उष्टावण करायचं ठरवलं. मला खास बोलावणं आलं. मी शेळीच्या गळ्यात बांधायला नवी घंटा घेतली आणि खिरीसाठी गूळ घेतला. गेले, तर पडवीत आणखी दोन माणसं बसलेली. एक म्हातारा पिंजारी, त्याच्या पुढ्यात पिंजलेल्या कापसाचं गाठोडं. दुसरा कोळसेवाला, धुतलेल्या अंगरख्यात, पण कानामागे काळा. दोघेही पोरीकडे असे बघत होते जसं घरचं माणूस बघतं. मला ते आवडलं नाही. मी पिंजाऱ्याला विचारलं, तुमचं इथे काय काम?

पिंजारी म्हणाला, काम काय, माझीच पोर आहे. ही जगेल तोवर कापूस द्यायचा, असं ठरलंय. बाई म्हणाल्या होत्या, पुढचा बाजार बघणार नाही.

कोळसेवाल्याचा हात खिरीच्या वाटीवर थांबला. "मला बी त्येच सांगितलं," तो म्हणाला. "ही जगंपतूर कोळसा."

मग पिंजारी हळूच म्हणाला, "मेरे सामने तो बाई रोये भी थे." आणि आम्ही तिघे बाईंकडे वळलो.

बाई पोरीला मांडीवर घेऊन खीर निववत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कोणाला परत पाहिजे असेल तर मुलगी समोर आहे. तिला विचारा." पोरीने खिरीची बोटं चाटली आणि आम्हा तिघांकडे बघून तो एक दात दाखवला. अक्का भिंतीला टेकून इतकी हसली की तिचा पदर खिरीत पडला. पिंजारी हसला, कोळसेवाला हसला. मी हसले नाही. म्हणजे नंतर, गल्लीच्या टोकाला गेल्यावर हसले, पण ते कोणी बघितलं नाही. मी फक्त त्या दोघांना एकच विचारलं, तुमच्यासंगं रुमालाखाली हात घातला होता का? दोघेही नाही म्हणाले. म्हणजे त्यांचं नुसतं बोलणं होतं, सौदा माझ्या एकटीचा होता. तेवढं मी पदरात पाडून घेतलं.

पुढे मोगलाई गेली, राज्य बदललं. मी व्यापार वाढवत लातूरला आले. बाईही म्हातारपणी त्याच मुलीला घेऊन लातुरात येऊन राहिल्या, माझ्या घरापासून फार लांब नाही. शेळी नांदेडच्याच अंगणात म्हातारी होऊन गेली. तिच्या मागच्या करडांवर बाईंशी माझे पुष्कळ सौदे झाले, सगळे रुमालाखाली. पुढे पुढे बाई मला हरवायला लागल्या. मुलगी आता शाळेत शिकवते. बाजारच्या दिवशी माझ्याकडे येते, भाकरी खाते आणि भाजीवाल्याशी अशी भांडते की मला बघत राहावंसं वाटतं. तिने ही गोष्ट हजारदा ऐकली आहे. ती विचारते, "मावशी, मग तुमची शेळी कधी परत करू?" मी म्हणते, "तू म्हातारी झाल्यावर बघू." ती ठणठणीत आहे, म्हणजे सौदा चालू आहे, आणि माझी त्याला हरकत नाही.

माझी हरकत वेगळी आहे. त्या दिवशी मी त्या पोरीकडे बघितलं, आणि माझ्या नजरेने सांगितलं की ही जगत नाही. तीच एक वेळ अशी की माझी नजर पार चुकली, आणि त्याच नजरेवर मी आयुष्यभर पोट भरलं आहे. आता डॉक्टरीणबाई, तुम्ही सांगा. तुमचीही नजर तेव्हा चुकली होती, की तुम्हाला पक्कं माहीत होतं की दूध, कापूस आणि ऊब मिळाली तर ही पोर जगणार, आणि तरी तुम्ही आम्हा तिघांच्या तोंडावर ती मरणार म्हणून सांगितलंत? मी समोर विचारलं की तुम्ही चहा टाकता. मुलीकडून विचारलं की तुम्हाला ऐकू येत नाही. आता हे छापलेलं आहे आणि तुमचा चष्मा नवा आहे. येत्या बाजारी मी रुमाल घेऊन तुमच्या पडवीत येते आहे. त्याच्याखाली हात घाला. ती मरणार असं तेव्हा खरंच वाटलं असेल तर हात सोडवून घ्या, फसवलं असेल तर मूठ मिटा. पण यावेळी उत्तर घेतल्याशिवाय मी उठणार नाही.